खाडीचं पान

घोडबंदरचा किल्ला पाहायचा तर ओहोटी लागण्याच्या वेळी पाहावा. भरतीला उल्हास नदीचं हे मुख म्हणजे नुसतं पाणी असतं, रुंद, मातकट, काठोकाठ. पाणी उतरू लागलं की खाडी आतून उघडते. तिवरांची मुळं वर येतात, चिखलाला चकाकी चढते, त्या चकाकीवर निवट्या उड्या मारत पळतात, बगळे आपापल्या जागा धरतात. काठाकाठाने एखादी बाई कमरेला टोपली बांधून, गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय उपसत पुढे सरकत असते. तटावरून पाहिलं तर ती जागची हललीच नाही असं वाटतं. तासाभराने पाहावं, तर ती पार वळणाशी पोचलेली असते आणि टोपली भरलेली असते.

इथून दिसतं तरी किती! पलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर, पावसाळ्यात निळेकाळे, उन्हाळ्यात विटलेले. अलीकडे चेना गावाच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल थेट खाडीकडे उतरत येतं. खाली मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा वर्सोवा पूल. जुन्याच्या शेजारी 2023 मध्ये नवा आला. गाड्यांची घरघर वर तटापर्यंत येते. तरी थोडा वेळ बसलं की कान तिला बाजूला सारतात आणि चिखलातून निघणारा बुडबुड्यांचा बारीक आवाज ऐकू येऊ लागतो.

1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, आणि मग साष्टीही. वसईहून ठाण्याला आणि पुढे कल्याणला जाणारं गलबत या वळणावरूनच जायचं, म्हणून त्यांनी इथे टेकडीवर तट उभारला. अरबी घोडे या बंदरात उतरत, असं गावात अजून सांगतात. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत 1737 साली किल्ला मराठ्यांकडे आला, दोन वर्षांनी वसई आली. पुढे इंग्रजांनी तो घेतला. या सगळ्यांना खाडी हवी होती ती वाट म्हणून. आमच्या घरात ती ताट म्हणून आली.

माझी आजी खाडीला कधी खाडी म्हणाली नाही, खारी म्हणायची. तिच्या बोलण्यात तिथ्या होत्या, तारखा नव्हत्या. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मंद, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. उधाणाची भरती उतरली की घरातले पुरुष पाग घेऊन निघायचे. पाग फेकण्याचा तो क्षण मला अजून डोळे मिटले की दिसतो: खांद्यावरचं जाळं अंगाच्या एका गिरकीबरोबर सुटतं, हवेत गोल पसरतं आणि त्याच्या शिशाच्या मण्यांची कड पाण्याला एकाच वेळी सगळीकडून टेकते. त्यात बोय यायची, शिंगाळा यायचा, पांढरी कोलंबी यायची. नशीब असलं तर जिताडा. जिताडा आला की तो घरात शिजण्याआधी वाड्यात बातमी शिजायची.

पण आजीचा जीव निवट्यांवर. बोटाएवढा हा मासा चिखलातच राहतो, बिळं करतो, पाण्याबाहेरही बराच वेळ काढतो. अंगाला बुळबुळीत, म्हणून चुलीच्या राखेत घोळून, चोळून धुवायचा. मग आगरी मसाला, भरपूर लसूण, कैरीच्या दोन फोडी, आणि मंद आच. झाकण काढायची घाई करायची नाही. हे कालवण भाताबरोबर चांगलंच, पण ते तांदळाच्या भाकरीबरोबर खाऊन पाहावं. भाकरी आमच्या खाजणातल्या राताची. समुद्राच्या पाण्याने खारावलेल्या जमिनीत तग धरणारा हा तांबूस भात. मळलेल्या पिठाची भाकरी थापताना हाताला रवाळ लागते, तव्यावर टम्म फुगते, आणि कालवणाच्या आंबट तिखटाला आपली गोडसर चव देते. ज्या चिखलात निवटी वाढते त्याच्याच बांधाआड हा भात पिकायचा. मीठही लांबचं नव्हतं. भाईंदरच्या मिठागरांतून यायचं, राखाडी, जाडं, किंचित ओलं. एका ताटातलं सगळं दोन-तीन कोसांच्या आतलं.

चिंबोऱ्यांचा दिवस वेगळाच. आजीचा नियम पक्का होता: “अमाशेच्या घे. पुनवेला त्या रिकाम्या.” अमावास्येच्या अंधारात चिंबोरी पोटभर चरते आणि भरते, चांदण्यात ती बिळाबाहेर पडायला धजत नाही, असा तिचा हिशोब. मी तो तपासून पाहिलेला नाही, पण अमावास्येच्या चिंबोऱ्यांना हातावर तोलताना तो खोटा वाटला नाही. मोठे डेंगे ठेचून बाजूला ठेवायचे, बारीक पाय पाट्यावर वाटायचे, त्यांचा रस गाळून रश्शात घालायचा. खरी चव त्या रसात. आम्ही पोरं अंगणात गोल बसायचो, मध्ये पातेलं, हातांना मसाला कोपरापर्यंत, आणि तासभर कुणी कुणाशी बोलायचं नाही.

पहिला पाऊस पडला की जंगल जेवायला यायचं. चेन्याकडच्या, काजूपाड्याकडच्या पाड्यांवरून वारली बाया टोपल्या घेऊन उतरायच्या: शेवळं, टाकळा, कंटोळी, बांबूचे कोंब. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यांच्यासोबत आंबट काकडं घ्यायलाच लागतात. ती बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही मोजून द्यायची, न मागता. शेवळं आणि कोलंबी एका भांड्यात शिजली की डोंगर आणि खाडी एकत्र आलेली असायची. आजही जूनमध्ये रस्त्याच्या कडेला या टोपल्या दिसतात. गाडी थांबवावी, टोपलीपाशी बसावं, भाव करू नये.

आता घोडबंदर रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी दिवे. फाउंटनच्या नाक्यापासून ठाण्याच्या दिशेने जात राहावं: काठियावाडी ढाबा, पंजाबी ढाबा, उडुपी, मोगलाई, चायनीज, पुन्हा काठियावाडी. यातल्या कित्येक ठिकाणी मी समाधानाने जेवलो आहे. शेकडो किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाला इथे त्याच्या गावाकडचा बाजरीचा रोटला मिळतो, ही लहान गोष्ट नाही. पण किल्ला पाहून उतरलेला पाहुणा मला विचारतो, “इथलं काय खावं?” आणि मला बोट दाखवायला जागा सापडत नाही. निवट्यांचं कालवण मी कुठल्या मेनूकार्डावर पाहिलेलं नाही. राताची भाकरी नाही. शेवळं नाहीत. मासळीची थाळी मिळते, पण तिच्यातली सुरमई खोल समुद्रातून ट्रकाने आलेली. खिडकीबाहेर खाडी आणि पानात तिचा थेंब नाही.

हे मला इतकं लागतं, ते परदेशात जाऊन आल्यापासून. माझा भाचा मेरीलँडमध्ये असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला गावं दाखवायचा सपाटा लावला. त्याचं दाखवणं मला आवडलं, कारण तो आधी बाजारात नेई, मग खाणावळीत, आणि स्मारकं शेवटी. बॉस्टनमध्ये 1826 पासून चालू असलेलं युनियन ऑयस्टर हाऊस आहे. तिथल्या अर्धगोल लाकडी कट्ट्यापाशी माणसं बसतात आणि पलीकडचा माणूस त्यांच्यासमोर कालवं उघडून ठेवत जातो. खडकावर बसून कोयत्याच्या टोकाने कालवं फोडणारी आमची आजी मला तिथे फार आठवली. सॅन फ्रान्सिस्कोत इटालियन कोळ्यांचं चोपिनो खाल्लं. दिवसभरात ज्याच्या जाळ्यात जे आलं त्यातलं थोडं थोडं एका पातेल्यात पडायचं, त्यातून हे कालवण झालं असं सांगतात. न्यू ऑर्लिन्सने मला हरवूनच टाकलं. तिथला गंबो म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची भेंडी, फ्रेंचांचा तुपात खरपूस भाजलेला मैदा, चॉक्टॉ आदिवासींनी दिलेली ससाफ्रासच्या पानांची पूड, आणि खाली मिसिसिपीच्या मुखातली कोलंबी. त्या शहराने किती दुःख पाहिलंय ते त्या वाडग्यात आहे, आणि तरी ते वाडगं पाहुण्यापुढे प्रेमानेच येतं.

पण मी खरा थबकलो तो बाल्टिमोरला.

बाल्टिमोर चेसापीक उपसागराच्या एका फाट्यावर वसलंय. नद्यांचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं तशी ही जागा, आमच्यासारखीच. आणि तिथलं दैवत म्हणजे निळी चिंबोरी. भाचा म्हणाला, “मामा, आज ताट मागू नकोस.” खरोखरच ताट नव्हतं. लांब लाकडी टेबलावर तपकिरी कागद अंथरला, आणि एक पोरगा आला नि वाफवलेल्या चिंबोऱ्यांची पाटी त्या कागदावर सरळ उलटी केली. लालभडक, अंगभर मसाल्याचा थर, वाफा निघताहेत. प्रत्येकाला एक लाकडी हातोडी आणि एक छोटी सुरी. आजूबाजूला ठोकाठोक चाललेली. आजोबा नातवाला पोटाखालची झडप कशी उचलायची ते दाखवत होते. शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं मुळीच बोलत नव्हतं. ते भांडलेलं नाही, हे मला लगेच कळलं.

तो मसाला जिभेवर ठेवला: मोहरी, मिरी, लाल मिरची, सेलरीचं मीठ, आणि मागून येणारं आणखी बरंच काही. भाच्याने त्याची हकीकत सांगितली आणि मी खायचा थांबलो. गुस्टाव ब्रुन नावाचा एक ज्यू मसालेवाला जर्मनीत होता. 1938 च्या नोव्हेंबरात नाझींनी त्याला पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. सुटका झाल्यावर कुटुंब घेऊन तो बाल्टिमोरला आला. सोबत मसाले दळायचं छोटं हातयंत्र आणलेलं. 1939 मध्ये त्याने मासळीच्या घाऊक बाजारासमोर आपला धंदा मांडला. चिंबोऱ्या वाफवणारे लोक मिरी-मोहरी घ्यायला येत, ते काय काय मागतात हे तो पाहत गेला, आणि त्याने स्वतःचं मिश्रण बनवलं. चेसापीकवरून ये-जा करणाऱ्या आगबोटींच्या कंपनीच्या नावावरून त्याचं नाव पडलं ओल्ड बे. आज त्या गावाला स्वतःची ओळख सांगायची असली की लोक हा पिवळानिळा डबा पुढे करतात. सगळं हिसकावून घेतलेल्या एका माणसाने परक्या गावाच्या पाण्याला चव दिली, आणि गावाने ती आपली म्हणून मिरवली. माणसं एकमेकांना याहून मोठं काय देऊ शकतात, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथला किल्ला पाहिला. फोर्ट मॅकहेन्री, बंदराच्या तोंडावर, चांदणीच्या आकाराचा. 13 सप्टेंबर 1814 ला इंग्रजांच्या जहाजांनी त्यावर तोफा डागायला सुरुवात केली आणि तो मारा पंचवीसएक तास चालला. सकाळी किल्ल्यावर झेंडा फडकताना पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने जे लिहिलं ते पुढे, 1931 मध्ये, त्या देशाचं राष्ट्रगीत झालं. मला आवडली ती वेगळी गोष्ट. तिथल्या रक्षकाने आलेल्या सगळ्यांना बोलावलं आणि त्या वेळच्या मापाचा प्रचंड झेंडा आमच्या हातात दिला. शाळेची पोरं, म्हातारी माणसं, मी, माझा भाचा, सगळे कडा धरून उभे. झेंड्याखालून वारा शिरला की सगळ्यांचे हात एकदम वर जात. किल्ला तेव्हा पाहायची वस्तू राहिला नाही. मग तिथल्याच हिरवळीवर लोकांनी डबे उघडले, आणि त्या डब्यांतही चिंबोरीचे वडे होते.

आणखी एक गोष्ट मी भाच्याकडून मुद्दाम समजून घेतली. 1990 पासून दर हिवाळ्यात मेरीलँड आणि व्हर्जिनिया ही दोन राज्यं मिळून उपसागराच्या तळाशी दडलेल्या चिंबोऱ्या मोजतात. ठिकठिकाणी तळ खरवडून किती, केवढ्या, नर की मादी हे टिपतात आणि पुढच्या हंगामात किती धरायच्या ते त्यावरून ठरतं. मेरीलँडमध्ये अंड्यांचा गोळा घेऊन चाललेली मादी सापडली तर ती पाण्यात परत सोडायची. म्हणजे हातोडी आणि कागदाच्या त्या जत्रेमागे कुणीतरी थंडीत बोटीवर उभं राहून हिशोब ठेवत असतं.

आमच्या खाडीला असा जिव्हाळा मिळायला हवा. उल्हासच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत, शहरं आहेत. त्यांचं सांडपाणी खाली आमच्याकडेच येतं. रेतीसाठी तळ उपसला गेला. भरावांनी खाजणं गेली, राता गेला. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी घातली, 2012 मध्ये राज्याने कांदळवनासाठी वेगळा कक्ष उभारला. त्यामुळे जे उरलंय ते उरलं. गावातला एक पाग टाकणारा मला म्हणाला, “पूर्वी पाग जड यायचा, आता चिखलाने जड येतो.” त्याने ते कुरकुर म्हणून सांगितलं नाही. पाग खांद्यावर टाकला आणि तो पुन्हा पाण्यात उतरला.

म्हणूनच मला वाटतं, खाडी पानात यायला हवी. जे पाणी पाहुण्याच्या जिभेवर पोचतं, त्याच्यासाठी भांडणारी माणसं वाढतात. बाल्टिमोरची मुलं चिंबोरीच्या चवीने आधी आपल्या उपसागराची झाली, आणि मोठी होऊन त्यांच्यातलीच काही ती चिंबोरी मोजायला बोटीवर चढली. आमच्या इमारतींमधली मुलं खाडी पाहतात ती पुलावरच्या कोंडीत अडकल्यावर, काच वर करून. त्यांना एकदा निवटी खायला घाला.

सामग्री आहे हो, सगळी आहे. आमच्याच महापालिकेच्या दुसऱ्या टोकाला, उत्तनला, किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळतात, रांगांमागे रांगा, आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळी रांग एकदम डुलते. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा हेच बोंबील घर चालवतात. तिथल्या ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत एप्रिल-मेमध्ये बॉटल मसाला कुटला जातो. मिरच्या आठ-आठ दिवस उन्हात, मग वीस-पंचवीस जिन्नस एकेक करून भाजायचे, उखळीत दोघी-तिघींनी आळीपाळीने मुसळ घालायचं, आणि मसाला दाबून दाबून तपकिरी बाटल्यांत भरायचा, उजेड लागू नये म्हणून. ब्रुनचा डबा हातात घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे याच बाटल्या आल्या. चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे, तोही चिमाजीअप्पांच्या त्याच मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी घेतला. एका दिवसात दोन किल्ले, एक खाडी, एक समुद्र, एक जंगल, मिठागरं. आणि पानात दोन धर्मांचे, तीन-चार जमातींचे मसाले. कुठलं शहर याहून जास्त देईल?

मला घोडबंदरच्या पायथ्याशी मोठं हॉटेल नको आहे. आमच्या गावातल्या चार बायांचं एक स्वयंपाकघर हवं. समोर मांडव, लांब बाकं, बाहेर पाटीवर खडूने लिहिलेलं त्या दिवशीचं पाणी आणि त्या दिवशीचं जेवण. भांग असेल तर बोयीचं कालवण, उधाण असेल तर जे येईल ते, जूनमध्ये शेवळं, आणि ज्या दिवशी खाडीने काही दिलं नाही त्या दिवशी जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलाचं वांगं आणि भाकरी. शेजारच्या काकींना मी हे बोललो. काकींच्या हातच्या चिंबोऱ्यांना आसपासच्या गावांतून बोलावणी येतात. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि विचारलं, “भांडी कोण घासणार?” हा प्रश्न त्यांनी नकार म्हणून विचारला नव्हता. दोन दिवसांनी त्या स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, सुनेला विचारलंय, ती भाकऱ्यांचं बघेल, आणि मसाला विकतचा आणायचा नाही.

तर पहिली पंगत ठरली आहे. भाचा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून रजा घेणार आहे, आणि सोबत त्याचा बाल्टिमोरचा एक मित्र येतोय, ज्याच्या घरी तीन पिढ्या चिंबोऱ्या धरतात. सकाळी ओहोटीला किल्ला, दुपारी काकींकडे, संध्याकाळी उत्तन. तो ओल्ड बेचा मोठा डबा आणणार आहे. काकींनी त्याच्यासाठी आगरी मसाल्याची बरणी काढून ठेवली, आणि उत्तनच्या एका बाईंकडून बॉटल मसाल्याची एक बाटली मी मागून आणली. तारखेवरून मात्र बरंच चाललं. भाच्याला स्वस्त तिकीट मिळत होतं ते पौर्णिमेच्या आठवड्याचं. फोन स्पीकरवर होता. काकी म्हणाल्या, “पुनवेला येऊन काय करशील बाला? रिकामी कवचं फोडशील? तिकडची माणसं येणार, त्यांना भरलेली द्यायला नको?” पलीकडे थोडा वेळ खुसफुस झाली. भाच्याने मित्राला काय सांगितलं कोण जाणे, पण तो मित्रच मध्ये बोलला, आणि भाच्याने त्याचं भाषांतर करायच्या आधी काकींनी मान हलवली. जादा पैसे भरून तिकीट बदललं. आता ते कार्तिक अमावास्येच्या आदल्या शुक्रवारी उतरताहेत.